पांढऱ्या निवटीचं पाणी

पाचूबंदर, ९ मार्च

जोएल,

वर 'प्रिय' नाही. ते मुद्दाम गाळलंय.

टाकीच्या झाकणाला चिकटवलेली तुझी चिठ्ठी मिळाली तेव्हा तुझी गाडी सुटून गेली होती. 'दीदी, योनाला सांभाळ. नोव्हिशिएटमध्ये वर्षभर फोन नसतो, पत्रं चालतात. पाणी थंड ठेव.' फादर व्हायचं आणि त्यासाठी आधी वर्षभर नोव्हिशिएटमध्ये शिकायला राहायचं ठरवल्याचं तू पप्पांना समोर बसवून सांगितलंस, मम्मीला सांगितलंस, आपल्या चर्चच्या फादरांना तर आधीपासून माहीत होतं. माझ्या वाट्याला झाकण आलं. त्याबद्दल मी या पत्रात लिहिणार नाही. हे पत्र पिल्लाबद्दल आहे.

पिल्लू जिवंत आहे. करंगळीहून जरा लांब, फिकट गुलाबी, चार इवले पाय, डोळे मिरीएवढे, आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले. नर की मादी हे एवढ्या वयात कुणालाच सांगता येत नाही, म्हणून मी 'ते' म्हणते. तुझा 'योना' घरात कुणी उचलला नाही. मम्मी पहिल्या दिवसापासून 'निवटी' म्हणते, कारण खाडीच्या चिखलात परांवर सरपटणारी निवटी तिच्या ओळखीची आहे आणि ॲक्सोलॉटल नाही. शेजारच्या मावशीला तिने सांगितलं, "पांढरी निवटी हाय. खायची नाय, बघायची."

मावशी म्हणाली, "मग घेतली कशाला?"

तुझ्या चिठ्ठीत 'थंड' म्हणजे किती, हे नाही. सोळा ते अठरा अंश. चोवीसच्या वर गेलं की ते खाणं टाकतं, कल्ले झडू लागतात, अंगावर बुरशी चढते. मी दिवसभर सातिवलीच्या कारखान्यात दुसऱ्यांच्या शीतगृहांचे कंट्रोलर बसवून तपासते आणि संध्याकाळी घरी येऊन बघते तर टाकीत सत्तावीस. मेक्सिकोतल्या उंचावरच्या तळ्यातलं जनावर तू वसईत आणलंस आणि उन्हाळ्याच्या तोंडावर निघून गेलास. हे मी फक्त नोंदवते आहे.

सध्याची सोय अशी. पप्पा बोटीसाठी जेट्टीवरच्या बर्फ कारखान्यातून लाद्या आणतात, त्यातला एक तुकडा मी मागून घेते. टाकी थर्माकोलच्या मोठ्या पेटीत ठेवली आहे आणि बर्फ टाकीच्या बाहेरून, चारी बाजूंनी भरते. आतल्या पाण्याला तो लागत नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन औषधाने घालवून, ते एक दिवस ठेवून मगच वापरते. गांडुळं केळीच्या वाडीतून आणते, जिथे फवारणी होत नाही तिथूनच, आणि बारीक कापून चिमट्याने भरवते. मम्मीला हे बघवत नाही. ती रोज पाटीभर बोंबील साफ करते, तिला गांडूळ बघवत नाही.

ही सोय मेअखेरपर्यंत टिकेल. जूनला मासेमारी बंद झाली, बोटी वर ओढल्या, की बर्फ कारखानाही बंद. त्याआधी मला कायमची व्यवस्था करायची आहे. ती मी करेन.

तू उत्तरात एवढंच लिही: दुकानदार त्याला काय भरवत होता?

पप्पा ठीक आहेत.

रिचेल


पाचूबंदर, ६ एप्रिल

जोएल,

तुझं पत्र मिळालं. चार पानं. खाण्याबद्दल त्यात एक ओळ नाही.

उपवासकाळात तुम्हाला आपापल्या आसक्ती शोधायला सांगितल्या, आणि तुझ्या यादीत योना निघाला. म्हणून तो मी एरॉलला देऊन टाकावा, एरॉलकडे एसी आहे, आणि असं केल्याने 'तुझं मन मोकळं होईल'. मी दोनदा वाचलं. मग सुट्टी टाकून तुळिंजला एरॉलच्या घरी गेले, कारण न बघता नाही म्हणणं योग्य नव्हतं.

तुझा मित्र चांगला मुलगा आहे. त्याच्या आईने चहा दिला, केक दिला. खोलीत एसी खरंच होता. टाकीत निळे-गुलाबी दगड, वर झगझगीत दिवा, आणि एरॉलच्या स्वतःच्या मोठ्या ॲक्सोलॉटलबरोबर पाच गोल्डफिश. त्याच्या एका बाजूचे कल्ले अर्धेच होते.

मी विचारलं, "हे काय झालं?"

"ते होय? गोल्डफिशने थोडे खाल्ले. येतात ना परत, दीदी! तीच तर याची गंमत आहे. हात तोडला तरी येतो. व्ह्यूज बघा तुम्ही त्या व्हिडिओचे."

"कुठल्या व्हिडिओचे?"

"म्हणजे मी नाही तोडला," तो घाईने म्हणाला. "आधीच तुटलेला होता. लोक लिहितात खाली, तोडून दाखव, तोडून दाखव. मी नाही करत असलं काही."

मी पर्समधून थर्मामीटर काढून पाण्यात धरला.

"दीदी, तुम्ही हे घेऊन फिरता?"

"हो. तेवीस आहे."

"एसी लावलाय की."

"एसी तुला लागतोय. त्याला नाही लागत. वरचा दिवा पाणी तापवतो आहे."

त्याने लगेच दिवा बंद केला, आणि गोल्डफिश दुसरीकडे हलवायचं कबूल केलं. वाईट मुलगा नाही, आधीच म्हटलं. पण या प्राण्याबद्दल बोलताना सगळ्यांना तुटलेलं परत उगवतं एवढंच आठवतं. उगवायला थंड पाणी लागतं, आणि ते रोज कुणीतरी करून द्यावं लागतं. ते कुणाच्या व्हिडिओत येत नाही.

मी एरॉलला नाही म्हणून कळवलं आहे. तुला काय सोडायचं ते तू सोड, तो तुझा आणि देवाचा मामला. पण जे तू माझ्या टेबलावर ठेवून गेलास ते तुझ्याकडे उरलेलंच नाही, मग त्याचा त्याग कसला करतोस? पिल्लू माझ्याकडे राहील आणि जगेल. हा विषय पुन्हा नको.

बोटीवर तुझ्या जागी पालघरचा एक खलाशी ठेवला आहे. काम बरं करतो. पप्पांचा गुडघा सुजतो, पण ते म्हणतात वाऱ्यामुळे.

रिचेल


पाचूबंदर, ४ मे

जोएल,

पिल्लाला अपघात झाला. जगेल की नाही हे अजून सांगता येत नाही. तुला कळवणं भाग आहे म्हणून लिहिते.

गुरुवारी सकाळी वीज गेली ती संध्याकाळपर्यंत आली नाही. मी कामावर होते. पेटीतला बर्फ दुपारीच संपला. त्यानंतर टाकीच्या पाण्यात मीठ घातलेला बर्फ पडला. कसा, ते आता महत्त्वाचं नाही. तापमान एकदम खाली गेलं आणि पाणी खारट झालं. मी आले तेव्हा ते तळाशी आडवं पडलं होतं, शेपटीचं टोक आकड्यासारखं वळलेलं, कल्ले पुढे दुमडलेले, आणि अंगावरची बुळबुळीत साल पांढऱ्या चिंध्यांसारखी सुटत होती.

मी काय केलं ते लिहिते, म्हणजे तू पानभर प्रश्न विचारणार नाहीस. साठवलेलं गोडं पाणी त्याच तापमानाला आणलं आणि पिल्लू मऊ जाळीने एका डब्यात हलवलं. खारटपणा मीटरने मोजत थोडं थोडं पाणी बदलत राहिले. एकदम बदललं असतं तर तोही धक्काच होता. दुसऱ्या दिवशी कल्ल्यांवर कापसासारखी बुरशी दिसली. त्यावर एक उपाय असतो, इतक्या लहान पिल्लासाठी तो शेवटचा मानतात: डबा फ्रीजमध्ये ठेवायचा. थंडीत बुरशी वाढत नाही आणि प्राण्याचं शरीर मंदावून तग धरतं. पाणी रोज पूर्ण बदलायचं, तेही आधी तितकंच गार करून.

मम्मी फ्रीजच्या दारात उभी राहिली. "माझ्या फ्रीजमधी? सरंग्याच्या बाजूला?"

"वरच्या कप्प्यात. झाकण लावून. झाकणाला भोकं पाडली आहेत."

"आनि कोनी चुकून तळला तर?"

"डब्यावर नाव लिहिते."

"मी वाचीन गो. तुझी मावशी येऊन डबे उघडते, तिला कुठं वाचता येतं?"

मी काही सुचवायच्या आत तिने देव्हाऱ्यातून संत अंतोनीचं छोटं चित्र आणलं आणि सेलोटेपने झाकणावर चिकटवलं. "आता हात लावायची कोनाची छाती नाय," ती म्हणाली. मावशी काल आली होती. फ्रीज उघडून तिने कपाळापासून छातीपर्यंत क्रूस केला आणि दार लावून घेतलं. लेबलपेक्षा हा उपाय चांगला आहे, हे मला मान्य करावं लागलं.

पिल्लू आज सकाळी एकदा हललं. त्यावरून काही ठरवता येत नाही.

एरॉलचं नाव काढू नकोस.

रिचेल


पाचूबंदर, २० मे

जोएल,

'तुझ्यासारखीकडून असं होईल असं वाटलं नव्हतं' हे तुझं वाक्य वाचलं. हरकत नाही. पुढे तू लिहिलं आहेस की तू प्रार्थना करतो आहेस, की तुला रात्री झोप लागत नाही, की तुमच्या प्रमुख फादरांशी बोलून तू थोडे दिवस घरी येऊ शकशील, 'योनासाठी'. येऊ नकोस. इथे तुझ्यासाठी काम नाही.

पिल्लू डब्यातून बाहेर काढलं आहे. बुरशी गेली. डावीकडच्या एका कल्ल्याची पिसं जवळजवळ सगळी गेली, देठ उरला आहे. टाकीत आणताना तापमान दिवसाला थोडंच वाढवलं. आल्यावर ते दोन दिवस कोपऱ्यात बसून राहिलं. तिसऱ्या दिवशी मी चिमट्यात गांडुळाचा तुकडा धरला आणि त्याने तो इतक्या जोरात ओढला की चिमटा हातातून सुटला. मम्मीने स्वयंपाकघरातून विचारलं, "काय पडला?" मी सांगितलं. ती हात पुसत येऊन बघून गेली. गांडूळ आहे हे तिच्या लक्षात आलं नाही.

आता मुख्य काम. कारखान्याच्या मागे भंगारात पाण्याचा एक जुना कूलर पडला होता. स्टोअर सांभाळणाऱ्या हर्षवर्धनकडे मी तो मागितला.

"मॅडम, लग्न ठरलं वाटतं? मांडवात थंड पाणी?"

"नाही. एका प्राण्यासाठी हवाय."

"घोडा पाळलाय?"

"करंगळीएवढा आहे."

त्याने माझ्याकडे बघितलं, कूलरकडे बघितलं. "करंगळीला कूलर. आमच्या घरात पाच माणसांत एक टेबलफॅन आहे, मॅडम. मला पण पाळा."

पण कॉम्प्रेसर त्यानेच चालू करून दिला आणि टेम्पोत चढवायलाही तोच आला. वर म्हणाला, "उन्हाळ्यात सुट्टी मिळाली तर बघायला येतो तुमचा साहेब."

रचना साधी आहे. कूलर स्वतःच्या टाकीतलं पाणी गार करतो. त्या पाण्यात मी स्टेनलेस स्टीलच्या नळीचं वेटोळं बुडवलं आहे, आणि पिल्लाच्या टाकीतलं पाणी एका लहान पंपाने त्या वेटोळ्यातून हळूहळू फिरतं. दोन्ही पाणी एकमेकांना भेटत नाहीत. हर्षवर्धन म्हणत होता की तांब्याची नळी घ्या, लगेच वळते. तांबं पाण्यात उतरतं आणि अशा प्राण्याला मारतं. स्टीलची नळी वळवताना दोनदा पिचकली आणि मला पुन्हा आणावी लागली. कंट्रोलर मी स्वतः जोडला. अजून एक अडचण आहे: कॉम्प्रेसर सुरू होताना टाकीचा स्टँड थरथरतो आणि पिल्लू घाबरून उडी मारतं. खाली रबर घालायचं आहे.

बर्फ कारखाना महिनाअखेरीला बंद होईल. मला त्याआधी हे आठवडाभर चालवून बघायचं आहे.

मम्मी-पप्पा जूनच्या पहिल्या रविवारी तुला भेटायला येत आहेत. मी येत नाही. टाकी सोडून येता येणार नाही.

रिचेल


पाचूबंदर, ३ जून

जोएल,

मम्मी म्हणाली की मिठाचं पप्पांनी स्वतः तुला सांगितलं. मग आता मी लिहू शकते.

त्या गुरुवारी पप्पा समुद्रावरून आले तेव्हा घरी कुणी नव्हतं, मम्मी मार्केटला गेली होती. वीज नव्हती, पेटीत कोमट पाणी होतं. थर्मामीटर कसा वाचायचा ते मी त्यांना दाखवलं होतं, आणि त्यांनी तो वाचला. एकोणतीस. बर्फ कारखान्यात विजेअभावी लादी मिळेना. मग ते सुजलेला गुडघा घेऊन बोटीवर परत गेले आणि पापलेटच्या खणात उरलेला बर्फ घमेल्यात भरून आणला. आपल्या बोटीत पापलेटच्या बर्फात खडेमीठ घालतात, थंडी जास्त धरते म्हणून. बोंबलाला घालत नाहीत, मांदेलीला घालत नाहीत. पप्पांनी तो बर्फ बाहेरच्या पेटीत न टाकता थेट पाण्यात टाकला, कारण बाहेरून गार होईपर्यंत वेळ जाईल असं त्यांना वाटलं. बोटीतल्या सगळ्यांत महागड्या माशाला ते जे देतात ते त्यांनी त्याला दिलं. चूक एवढीच.

मी आले तेव्हा ते टाकीसमोर खुर्ची घेऊन बसले होते. घमेलं पायाशी होतं.

"मेला काय गो?"

"नाही."

"खरं सांग. चाळीस वर्सं बर्फात हात घालतो मी. मेलेला मला कळतो."

"हा मासा नाही, पप्पा. खरं सांगते. मीठ मोजलं आहे. जगेल."

तेव्हा मी काहीच मोजलेलं नव्हतं.

पुढचे चार-पाच दिवस ते त्या खोलीत आले नाहीत. ताट घेऊन ओट्यावर जाऊन बसायचे. फ्रीजमधून पाण्याची बाटलीही मम्मीकडून मागून घ्यायचे, स्वतः दार उघडायचे नाहीत. मम्मी एकदा म्हणाली, "तुमच्या पोराने दिलेला जीव म्हनून एवढं लागलंय काय?" सहाव्या दिवशी सकाळी मी त्यांच्या हातात डबा दिला आणि म्हटलं, मला उशीर होतोय, पाणी तुम्ही बदला. मला उशीर होत नव्हता. मी बूट घातले, पर्स घेतली आणि जिन्यात जाऊन थांबले. आतून बराच वेळ फक्त पाण्याचा आवाज आला. मग त्यांनी डब्याशी बोलायला सुरुवात केली, तेव्हा मी गेले.

तेव्हापासून पाणी तेच बदलतात. बोटीवरून आले की हात आधी साबणाने, मग दोनदा साध्या पाण्याने. मला हात पुढे करून वास घ्यायला लावतात.

तुला हे आधी का लिहिलं नाही, असं तू विचारशील. तू त्यांना लगेच माफ केलं असतंस आणि त्याबद्दल चार पानं लिहिली असतीस. त्यांना त्या दिवसांत माफी नको होती, काम हवं होतं.

बोटी वर ओढल्या. बर्फ कारखाना शनिवारी बंद झाला. कूलर चालू आहे. रबराने थरथर गेली. टाकीत साडेसतरा.

एक गोष्ट राहिली. तुला भेटून आले त्या संध्याकाळी पप्पा जाळ्याची भोकं विणायला बसले आणि मान वर न करता म्हणाले, "पोरगा बारीक झालाय. म्हनतो, निवटीसाठी परत येतो."

मम्मी म्हणाली, "येऊ दे की! कोन नको म्हनतंय?"

"मी नको म्हटलं काय?" पप्पा म्हणाले. "निवटीसाठी म्हनाला, ते मला नाय कळलं."

मलाही नाही कळलं. स्पष्ट लिही.

रिचेल


पाचूबंदर, २२ जून

जोएल,

तू स्पष्ट लिहिलं आहेस असं तुला वाटतं. योना मरता मरता वाचला, पप्पांचा गुडघा दुखतो, मी दिवसभर कामावर असते, त्यामुळे घरी तुझी गरज आहे आणि तू नोव्हिशिएट सोडायचा विचार करतो आहेस. प्रमुख फादर म्हणाले की घाई नको, एक महिना घे. तुला माझं मत हवं आहे.

आधी वस्तुस्थिती.

पिल्लू आता बोटाएवढं नाही, तळहाताएवढं आहे. कूलर लावल्यापासून टाकी अठराच्या वर एकदाही गेलेली नाही. गेल्या आठवड्यात वादळी वाऱ्यात वीज दोनदा गेली. हवेचा पंप बॅटरीवर आपोआप चालू झाला, पेटीने गारवा धरून ठेवला. गेलेली पिसं देठावर परत येत आहेत, पहिल्याहून जरा विरळ. रोज खातं. मी जवळ गेले तर वर येतं, पप्पा जवळ गेले तर वर येऊन तोंड उघडतं, कारण ते माझ्या नकळत एक तुकडा जास्त घालतात. मला कळतं, कारण दुसऱ्या दिवशी पाण्यात अमोनिया वाढलेला असतो. त्यांना मी सांगितलेलं नाही.

पप्पांचा गुडघा मी डॉक्टरला दाखवला. वाऱ्यामुळे नव्हता. औषध चालू आहे, बंदीच्या काळात विश्रांतीही होते आहे. नवीन हंगामाला तो पालघरचा खलाशी परत येणार, त्याच्याशी बोलणं झालं आहे. बोट चालेल.

म्हणजे तू लिहिलेल्या तिन्ही कारणांपैकी एकही उरलेलं नाही. ती मी मुद्दाम संपवली. मार्चमध्ये हे पिल्लू मेलं असतं तर मी तुला दोष देत बसले असते आणि तू त्या दोषापायी घरी आला असतास. मग उरलेलं आयुष्य आपण दोघांनी एका रिकाम्या टाकीवरून भांडण केलं असतं. एवढ्या लहान जिवावर एवढं ओझं टाकणं मला पटत नव्हतं.

आता मत. तू गेलास ते मला आवडलं नव्हतं, अजूनही आवडलेलं नाही. तू परत यावंस असं मला वाटतं की नाही, हे मी लिहिणार नाही. लिहिलं तर तू तेही कारण म्हणून वापरशील. तुला तिथे राहायचं नसेल तर राहू नकोस. मम्मी अजून रोज तुझ्या उशीचा अभ्रा बदलते. कुणी काही विचारणार नाही, आणि मावशीने विचारलं तर मी बघून घेईन. पण स्वतःला काय हवं आहे ते न बघता एका पाण्यातल्या प्राण्याचं नाव पुढे करून येऊ नकोस. तसंच, तोंड लपवायला तिथे राहूही नकोस.

हे सगळं पत्रात लिहून भागणार नाही असं मला गेल्या आठवड्यात वाटू लागलं. म्हणून परवा मी पप्पांना विचारलं की जुलैच्या पहिल्या रविवारी एक दिवस टाकी त्यांच्यावर सोपवली तर चालेल का.

ते जाळं बाजूला ठेवून उठले. "एकट्यावर?"

"मम्मी माझ्याबरोबर येणार. हो, एकट्यावर."

"तू बघून घे गो. तुझा जीव राहील काय तिकडं?"

"वीज गेली तर काय करणार?"

"पंप आपसूक चालतो. मी झाकन उघडनार नाय, गारवा जातो."

"चार तास आली नाही तर?"

"फ्रीजरमधल्या बाटल्या. बाहेरून लावायच्या. आत काय नाय टाकायचं."

"आणि मीठ?"

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं जरा जास्त झालं. मग ते म्हणाले, "मीठ कालवनात," आणि आत जाऊन हात धुवायला लागले, त्या वेळी धुवायचं काही कारण नसताना.

तर मी येते आहे. मम्मीने तुझ्यासाठी जेवणाचा डबा आणायचं ठरवलं आहे, त्यात तू किंवा मी काही बोलून उपयोग नाही. तुमच्याकडे पाहुण्यांना दुपारपर्यंत बसू देतात असं मम्मी म्हणाली. मला तेवढा वेळ लागणार नाही. मम्मीला प्रार्थनागृह बघायला पाठव, आणि आपण दोघं बाहेर कुठेतरी बसू.

मी एकच प्रश्न विचारणार आहे. उत्तर तयार करून ठेवू नकोस.

रिचेल